चार गाठी, तीन मतं: कर्करोग मेंदूत पोहोचल्यावर निर्णय कसा घ्यायचा

तुम्ही प्रश्नात बरीचशी आवश्यक माहिती दिली आहे, त्यामुळे नेमकं काहीतरी सांगता येईल. बाकीच्यांसाठी तो आधी थोडक्यात मांडते. आईचं वय ६१. फुप्फुसाचा ॲडेनोकार्सिनोमा (कर्करोगाचा एक प्रकार), गाठीतल्या ईजीएफआर या जनुकात एक्सॉन १९ या भागात बदल, चौदा महिन्यांपासून त्या बदलावर मारा करणारी जेफिटिनिबची गोळी. छातीचा नवा सीटी स्कॅन चांगला आहे, तिथला आजार दबलेला आहे. पण महिनाभर सकाळी उठलं की डोकं दुखतं, दोन-तीनदा उलट्या झाल्या, आणि मागच्या आठवड्यात उजव्या हाताला फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूत चार गाठी दिसल्या. सगळ्यांत मोठी २.२ सेंटिमीटरची, डावीकडे, भोवती सूज. एका डॉक्टरांनी सांगितलं की पूर्ण मेंदूला दहा दिवस लाईट, म्हणजे किरण, देऊ. दुसरे म्हणाले एसआरएस करा, म्हणजे फक्त गाठींवर नेमके किरण. तिसरे म्हणाले गोळी बदलून त्याच जातीची नवी ऑसिमर्टिनिब सुरू करू, रेडिएशनचं नंतर बघू. आणि तुम्ही विचारलंय, "तिघांपैकी आम्हाला फसवतंय कोण?"

मी किरणोपचार करणारी डॉक्टर आहे, पश्चिम महाराष्ट्रात काम करते, आणि असे कागद घेऊन आलेली मुलं-मुली माझ्यासमोर नेहमी बसतात. तुमच्या मजकुरावरून तरी मला कुणी फसवतंय असं वाटत नाही. तिघांनी आपापल्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर दिलंय, आणि ते प्रश्न वेगवेगळे आहेत. पहिल्यांच्या मनात आहे की स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या बारीक गाठींसकट सगळा मेंदू कसा झाकायचा. दुसऱ्यांच्या मनात, दिसतायत त्या चार गाठी बाकीच्या मेंदूला धक्का न लावता कशा मारायच्या. तिसरे पूर्ण शरीराकडे बघतायत: पुढची एक-दोन वर्षं हा आजार कशाने ताब्यात राहील. तुमच्या आईला आज दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवंय, त्याच क्रमाने. पहिल्याची वेळ आलेली नाही, कदाचित येणारही नाही. हे माझं मत, आणि ते कशावर उभं आहे ते आता सांगते. एमआरआयची फिल्म न बघता दिलेलं मत आहे, त्यामुळे ते कुठे बदलेल तेही सांगेन.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. आईला डेक्सामेथासोन सुरू झालंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सकाळची डोकेदुखी आणि उलट्या या बहुतेक गाठीपेक्षा भोवतीच्या सुजेमुळे असतात, आणि ती सूज या स्टिरॉइडने एक-दोन दिवसांत उतरायला लागते. किरणोपचार कुठे आणि कधी हे ठरायला आठवडा जाईल, तोवर आईने डोकं धरून बसण्याचं कारण नाही. साध्या लक्षणांना दिवसाला ४ ते ८ मिलिग्रॅम पुरतं. गुंगी, सततच्या उलट्या, हात-पाय लुळा पडणं असं असेल तर १६ पर्यंत न्यावं लागतं. गोळ्या सकाळी आणि दुपारी द्या. रात्री दिल्या की झोप उडते, मग घरचे म्हणतात की आजाराने बेचैन झाली. आईला मधुमेह असेल तर साखर झपाट्याने चढेल, घरी मोजत राहा. मधुमेह नसला तरी आठवड्यातून दोनदा तपासा.

आणि हे स्टिरॉइड मनाने बंद करू नका. तसंच, कुणी कमी करायला सांगितलं नाही म्हणून महिनोन्‌महिने चालूही ठेवू नका. दुसरी गोष्ट मी जास्त बघते. बाई जमिनीवरून उठू शकत नाही, जिना चढताना मांड्या थरथरतात, चेहरा गोल होतो, तोंडात पांढरी बुरशी येते, आणि घरात सगळे समजतात की कॅन्सर पसरला. कागद बघावा तर दोन महिने डेक्सामेथासोन तेवढ्याच डोसात चालू. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा: "हे कमी कधीपासून करायचं आणि कसं?" तारखा कागदावर लिहून घ्या.

फिटच्या गोळीचंही तसंच. मेंदूत गाठ आहे पण फिट कधी आलेली नाही, अशा माणसाला फिटची गोळी सुरू करायची गरज नसते. तुमच्या आईला फिट आली आहे, म्हणजे गोळी हवीच. ती लेव्हेटिरासिटॅम असली तर उत्तम. फेनिटॉइन दिलं असेल, आपल्याकडे ते अजून सर्रास देतात, तर ते बदलता येईल का हे न्यूरॉलॉजिस्टना विचारा. कारण फेनिटॉइन यकृताचं काम असं वाढवतं की जेफिटिनिब आणि ऑसिमर्टिनिब दोन्ही शरीरातून लवकर बाहेर पडतात. कॅन्सरची महागडी गोळी रोज पोटात जाते आणि रक्तात तिचं प्रमाण निम्म्यावर येतं. अशीच अडचण ॲसिडिटीच्या गोळीची आहे: स्टिरॉइडबरोबर पॅन्टोप्राझोल दिलं जातं आणि पोटातलं आम्ल कमी झालं की जेफिटिनिब नीट शोषली जात नाही. दोन्ही लागत असतील तर बारा तासांचं अंतर ठेवायला सांगतात. ऑसिमर्टिनिबला ही अडचण नाही. लेव्हेटिरासिटॅमने काहींची चिडचिड खूप वाढते, मायाळू माणूस शिव्या घालायला लागतो. तसं झालं तर त्यांच्यावर रागावू नका, डॉक्टरांना कळवा, दुसरी गोळी मिळते.

आता मूळ प्रश्न.

पूर्ण मेंदूला लाईट देणं हा फार वर्षं आमच्याकडचा ठरलेला उपचार होता. सहसा ३० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) दहा दिवसांत, किंवा तब्येत नाजूक असेल तर २० ग्रे पाच दिवसांत. साधं मशीन चालतं, आखणी एका दिवसात होते, उद्यापासून सुरू करता येतं. अडचण पुढे येते. केस जातात, दोन-तीन आठवडे माणूस गळून जातो, हे तरी भरून येतं. पण काही महिन्यांनी आठवण उतरायला लागते. गॅस बंद केला का, जेवले का, काल कोण आलं होतं. अमेरिकेत २०१६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एक ते तीन गाठी असलेल्यांच्या दोन गटांपैकी एकाला नुसती एसआरएस दिली, दुसऱ्याला एसआरएस अधिक पूर्ण मेंदूला किरण. तीन महिन्यांनी स्मरणशक्ती आणि विचारशक्तीच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा घसरण पहिल्या गटात सुमारे ६४ टक्क्यांत होती, दुसऱ्यात सुमारे ९२ टक्क्यांत. आयुष्य मात्र पूर्ण मेंदूच्या किरणांनी वाढलं नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही तुम्हाला माहीत हवी, नाहीतर मी अर्धंच सांगितलं असं होईल. वर्षभरानंतर मेंदूतला आजार पूर्ण ताब्यात असण्याचं प्रमाण नुसत्या एसआरएसच्या गटात जेमतेम निम्मं होतं, दोन्ही मिळालेल्यांत ८५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एसआरएस निवडली तर दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय करायची शिस्त स्वीकारावी लागते. नवी गाठ बारीक असताना सापडली तर तिच्यावर पुन्हा एसआरएस करता येते. घर दूर आहे, एमआरआयला वेळेवर येणं जमणारच नाही, अशी परिस्थिती असेल तर हा हिशोब बदलतो, आणि ते उघड बोलायला लाज वाटायचं कारण नाही.

एसआरएस म्हणजे स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी. नावात सर्जरी असली तरी कापाकापी नसते. लार्स लेक्सेल या स्वीडिश न्यूरोसर्जनांनी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली: बारीक किरण अनेक दिशांनी असे सोडायचे की प्रत्येक किरण वाटेतल्या मेंदूला फार इजा करणार नाही, आणि सगळे गाठीत एकत्र येतील. आज हे काम गॅमा नाइफ, सायबरनाइफ किंवा चांगल्या लिनॅक या किरणांच्या मशीनवर होतं. तिन्हींपैकी कोणतं, यावर घरात वाद घालू नका. त्या ठिकाणी हे काम नेहमी होतं का आणि किरणांचा डोस आखणारा फिजिसिस्ट अनुभवी आहे का, हे जास्त महत्त्वाचं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, कारण आई घाबरली असेल. पहिल्या दिवशी मास्क बनतो. प्लास्टिकची जाळीदार पाटी असते, गरम पाण्यात टाकली की ओल्या कापडासारखी मऊ होते. ती चेहऱ्यावर ठेवून हलक्या हाताने नाक, कपाळ, हनुवटीवर दाबतात. पाच-दहा मिनिटांत ती त्याच आकारात घट्ट होते. गरम लागते, भाजत नाही. जाळी असल्याने श्वास अडत नाही, पण मास्क टेबलाला अडकवतात तेव्हा डोकं जरासुद्धा हलत नाही, आणि काहींना तिथेच घाबरायला होतं. बंद लिफ्टमध्ये आईला गुदमरतं का, हे आधीच सांगून ठेवा. त्यांना थोडं थांबत थांबत, गरज पडली तर सौम्य गोळी देऊन मास्क घालता येतो. मग मास्कसह सीटी स्कॅन, वेगळा पातळ कापांचा एमआरआय, दोन्ही संगणकावर एकमेकांवर बसवतात, आणि मी एकेक काप पुढे करत गाठीची कड रेखते. हे काम हळू होतं आणि ते हळूच व्हायला हवं. मिलिमीटरभराची कड चुकली तर गाठीचा तुकडा उरतो किंवा चांगला मेंदू भाजतो. उपचाराच्या दिवशी आई साधारण अर्धा-पाऊण तास टेबलावर असेल. दुखत नाही, काही जाणवत नाही. खोलीत ती एकटी असते, पण कॅमेऱ्यातून आम्ही तिला बघत असतो, तिचं बोलणं ऐकत असतो, हात वर केला की थांबतो. बहुतेकदा त्याच दिवशी घरी. मोठ्या गाठीला तीन किंवा पाच दिवसांत विभागून देतात.

तुम्ही विचारलंय की त्यानंतर लहान मुलीला आजीजवळ जाऊ द्यावं का. जाऊ द्या, त्याच संध्याकाळी. बाहेरून दिलेले किरण शरीरात उरत नाहीत.

मग पूर्ण मेंदूला किरण कुणाला? गाठी वीस-पंचवीस आहेत, मेंदूच्या आवरणात आजार पसरलाय, मूळ कॅन्सर स्मॉल सेल प्रकारचा आहे, किंवा एसआरएस होऊनही दर दोन महिन्यांनी नव्या गाठींचा सडाच पडतोय, अशांना. तेव्हाही दोन गोष्टी मागता येतात: आठवणींचं काम करणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाला वाचवून आखणी, आणि सोबत मेमँटिनची गोळी. मेमँटिनसोबत हिप्पोकॅम्पस वाचवला तर स्मृतीला फायदा होतो हे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. पूर्वी आम्ही तीनच्या वर गाठी असल्या की पूर्ण मेंदूकडे वळायचो. जपानमध्ये २०१४ साली ११९४ रुग्णांचा अभ्यास आला आणि त्यात पाच ते दहा गाठींवर नुसती एसआरएस केलेले लोक दोन ते चार गाठीवाल्यांइतकेच जगले. तेव्हापासून नुसता आकडा बघून ठरवणं मागे पडलं. गाठींचा एकूण आकार किती, त्या कुठे आहेत, नव्या किती वेगाने येतायत, हे जास्त पाहिलं जातं. पहिल्या डॉक्टरांकडे एसआरएसची सोय नसेल, किंवा सरकारी योजनेत ते बसत नसेल, म्हणून त्यांनी हाताशी असलेला उपचार सांगितला असेल. त्यांना सरळ विचारा, "एसआरएसची सोय असती तर तुम्ही काय केलं असतं?" बहुतेक डॉक्टर प्रामाणिक उत्तर देतात.

तिसऱ्या डॉक्टरांच्या मुद्द्यात खूप तथ्य आहे. जेफिटिनिब मेंदूत फारच थोडी शिरते. त्यामुळे छाती शांत आणि मेंदूत गाठी हे चित्र त्या गोळीवर आम्ही नेहमी बघतो. ती पूर्ण निकामी झाली असा त्याचा अर्थ निघत नाही. ऑसिमर्टिनिब मेंदूत चांगली पोहोचते. जेफिटिनिबसारख्या जुन्या गोळीनंतर टी७९०एम नावाचा, जुन्या गोळीला दाद न देणारा नवा जनुकबदल सापडलेल्यांत २०१७ च्या एका चाचणीत मेंदूतल्या मोजता येणाऱ्या गाठी ७० टक्के जणांत आकसल्या, केमोथेरपीवर असलेल्यांत ३१ टक्क्यांत. मग नुसती गोळीच का नको? माझी हरकत दोन कारणांनी आहे. आईला लक्षणं आहेत, फिट आली आहे, सूज आहे. गोळी लागू पडली नाही हे कळायला सहा-आठ आठवडे जातात आणि तेवढा अवकाश २.२ सेंटिमीटरच्या सुजलेल्या गाठीजवळ नाही. दुसरं, जेफिटिनिब चालू असताना आलेल्या या गाठींमध्ये टी७९०एम आहे की नाही, हे आपल्याला ठाऊक नाही. रक्तातून तपासणी होते, ती करून घ्या. पण आजार नुसता मेंदूत वाढला असेल तर रक्तात तो बदल पुष्कळदा सापडतच नाही, म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह आला तर त्यावर दार बंद समजू नका. लक्षणं अजिबात नसती, गाठी पाच-सात मिलिमीटरच्या असत्या आणि आईने आजवर ईजीएफआरची गोळी घेतलीच नसती, तर मीही म्हटलं असतं की आधी गोळी द्या आणि सहा आठवड्यांनी एमआरआय करा.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर: आज स्टिरॉइड आणि फिटची गोळी, आठवड्या-दीड आठवड्यात चारही गाठींवर एसआरएस, त्याच काळात रक्ताची तपासणी पाठवून मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टशी गोळीबद्दल बोलणं. ऑसिमर्टिनिब परवडत नसेल तर गाठींवर एसआरएस करून जेफिटिनिब तशीच चालू ठेवणं हाही मान्य असलेला मार्ग आहे, कारण छातीत ती अजून काम करतेय. तो पत्करावा लागला तर आईवर अन्याय केला असं मनात आणू नका.

शस्त्रक्रियेबद्दल कुणी बोललं नाही, ते तुमच्या आईच्या बाबतीत बरोबरच आहे. एकच गाठ, तीन सेंटिमीटरच्या वर, हात-पाय लुळे करणारी, किंवा लहान मेंदूत बसून मेंदूतल्या पाण्याची वाट अडवणारी असेल तर आधी न्यूरोसर्जन. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने हे पक्कं केलं: एकच गाठ असलेल्यांत ती काढून मग किरण दिलेले लोक सरासरी ४० आठवडे जगले, नुसते किरण मिळालेले १५ आठवडे. त्या चाचणीतली आणखी एक गोष्ट मी शिकाऊ डॉक्टरांना आवर्जून सांगते. स्कॅनवर मेटास्टॅसिस, म्हणजे दुसरीकडून पसरलेला कॅन्सर, वाटलेल्या ५४ जणांपैकी ६ जणांच्या मेंदूतली गाठ तपासल्यावर ती कॅन्सरची निघालीच नाही. आपल्याकडे तर ट्यूबरक्युलोमा म्हणजे टीबीची गाठ आणि न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणजे कृमींच्या अळ्यांच्या गाठी, दोन्ही भरपूर आढळतात आणि एमआरआयवर कडेने चमकणाऱ्या कड्यासारख्या, हुबेहूब कॅन्सरच्या गाठींसारख्या दिसू शकतात. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये चार गाठी एकदम दिसल्या तर त्या बहुधा कॅन्सरच्याच असतात. तरी एमआरआय वाचणाऱ्या रेडिऑलॉजिस्टनी हा विचार केलाय का, हे विचारा. घरात कुणाला टीबी झाला होता का, हेही डॉक्टरांना सांगा.

आता तुमच्या प्रश्नातली शेवटची ओळ: "नेटवर वाचलं की मेंदूत गेला की तीन-चार महिने." तो आकडा जुन्या काळातला आहे, जेव्हा सगळ्यांना एकाच मापाने मोजलं जायचं. फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमासाठी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली गुणपद्धत आहे. तिच्यात वय, हिंडण्या-फिरण्याची क्षमता, मेंदूबाहेरचा प्रसार, गाठींची संख्या आणि ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांतला बदल यांना गुण आहेत. सगळ्यांत कमी गुणांच्या गटात जगण्याचा मधला आकडा सुमारे ७ महिने होता, सगळ्यांत वरच्या गटात जवळजवळ ४७ महिने. एवढा फरक एकाच नावाच्या आजारात. आईचा बदल, वय आणि शांत असलेली छाती तिच्या बाजूने आहेत. विरुद्ध बाजूला हे की गोळी चालू असताना गाठी आल्या, त्यामुळे वरच्या गटाचा आकडा तिला जसाच्या तसा लावता येणार नाही. मला कुणी टेबलासमोर बसून विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, वर्षांच्या भाषेत बोलणं शक्य आहे, पण तारीख कुणी देऊ नये आणि तुम्हीही मागू नये. पहिला एमआरआय होऊ द्या. त्यानंतर आपण जास्त खरं बोलू शकतो.

ज्यांचे आई-वडील अंथरुणाला खिळले आहेत, छातीतला आजारही पेटलेला आहे आणि हाताशी कोणतीच गोळी उरलेली नाही, त्यांच्यासाठी मात्र वेगळं सांगते. असे लोक हे उत्तर वाचून एसआरएससाठी अँब्युलन्स करून निघतील याची मला काळजी वाटते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात ५३८ रुग्णांवर झालेली चाचणी २०१६ मध्ये आली. शस्त्रक्रिया किंवा एसआरएस शक्य नव्हती अशा फुप्फुसाच्या रुग्णांत पूर्ण मेंदूला किरण दिलेले ९.२ आठवडे जगले आणि नुसतं स्टिरॉइड व काळजी मिळालेले ८.५ आठवडे. जगण्याचा दर्जा दोन्हीकडे सारखाच. अशा वेळी रोजच्या खेपा वाचवून घरी, किंवा पुण्यात वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरसारख्या ठिकाणी, जिथे पैसे घेत नाहीत, वेदना आणि उलट्या आटोक्यात ठेवणं हाच नीट उपचार असतो. कुणी तुम्हाला "काहीच केलं नाही" असं म्हणालं तर त्यांना ही चाचणी सांगा.

खर्चाबद्दल. एसआरएसचे दर जागोजागी इतके वेगळे आहेत की आकडा देण्यात अर्थ नाही. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असो-नसो, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कोणतं पॅकेज बसतं हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला जाऊन विचारा. योजनेचं संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. ऑसिमर्टिनिबवरची कस्टम ड्यूटी जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात काढली गेली, तरी गोळी महागच आहे. कंपन्यांच्या पेशंट साहाय्य योजना असतात, फॉर्म मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टच्या ऑफिसातून भरला जातो, तो पहिल्याच भेटीत मागा. मुंबईला टाटात जाणार असाल तर राहण्याची चौकशी निघण्याआधी करा. दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती कॅन्सरच्या पेशंटसाठी वर्षानुवर्षं हे काम करतायत. आणि कुठेही जा, एमआरआयची सीडी न्या. फिल्मवर मला गाठ दिसते, तिची कड मोजता येत नाही. मूळ बायोप्सीचा रिपोर्ट आणि ईजीएफआरचा कागदही सोबत ठेवा.

तुम्ही लिहिलंय की आईला "डोक्यात थोडी सूज आहे" एवढंच सांगितलंय. घरच्यांचं मन मला कळतं. पण ती फिटची साक्षीदार आहे, तिच्या चेहऱ्यावर मास्क बसणार आहे, संमतीच्या कागदावर तिची सही लागणार आहे. सगळं एकदम सांगू नका. तिलाच विचारा, "आई, तुला रिपोर्टमधलं किती जाणून घ्यायचंय?" बऱ्याच बायका म्हणतात, "मला कळलंय, तुम्हीच रडाल म्हणून गप्प होते." तिला नकोच असेल तर तिच्या वतीने कोण बोलेल ते तिने ठरवू द्या. बँकेचं, जमिनीचं, जे काही तिच्या मनात असेल ते तिचं डोकं स्वच्छ आहे तेव्हाच होऊ द्या. हे मी आजाराचं स्वरूप बघून म्हणते. मेंदूतल्या आजारात उद्याचं बोलणं आजच्याइतकं स्पष्ट असेलच असं नसतं.

एसआरएसनंतर सहा महिने ते वर्षाने कधीकधी जुन्या गाठीच्या जागी पुन्हा सूज येते, एमआरआयवर गाठ वाढल्यासारखी दिसते. ती किरणांनी मेलेल्या पेशींची सूज असू शकते, त्याला रेडिएशन नेक्रोसिस म्हणतात, आणि त्यावर स्टिरॉइड किंवा बेव्हासिझुमॅब हे औषध देता येतं. तेव्हा लगेच "परत आला" असं ठरवून गोळी बदलायला जाऊ नका. पर्फ्यूजन एमआरआय किंवा इतर तपासण्यांनी फरक ओळखायचा प्रयत्न करतात, आणि शक्य असेल तर मूळ उपचार जिथे झाला त्याच टीमने तो स्कॅन बघावा, कारण किती डोस कुठे पडला ते त्यांच्याकडे आहे.

एसआरएस होईपर्यंतच्या दिवसांत आईला एकटं आंघोळीला कडी लावू देऊ नका, विहिरीवर, गच्चीच्या कठड्याजवळ, चुलीसमोर एकटं सोडू नका. स्कूटर चालवत असेल तर बंद. फिट आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, मानेभोवतीचं सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, चप्पल-कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकापाठोपाठ दुसरी आली, किंवा आई जागी होऊन ओळखेनाशी झाली, डोकेदुखी वाढत वाढत गुंगी आली, तर ओपीडीच्या तारखेची वाट बघू नका, रात्र असली तरी न्यूरोसर्जन असलेल्या जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या आणि दारातच सांगा की मेंदूत गाठी आहेत आणि डेक्सामेथासोन चालू आहे. एमआरआय आणि रक्ताचा रिपोर्ट आला की नावं-नंबर झाकून इथेच टाका. सगळ्यांत मोठी गाठ हाताच्या हालचालीच्या भागाला किती चिकटून आहे हे कळलं तर एसआरएस एका दिवसात द्यायची की विभागून, याबद्दल मला जास्त नेमकं सांगता येईल.